‘आई, तिथून हलू नको’

परदेशी मुलांकडे निघालेले आई-वडील महिनाभर आधी तपासणीसाठी येतात. साखर, बीपी, तीन-चार महिने पुरतील एवढ्या गोळ्या, विम्याचे कागद, विमानात जवळ ठेवायची औषधांची चिठ्ठी, सगळं रीतसर होतं. ते उठायला लागले की मी एक प्रश्न विचारतो, ‘मध्ये हॉल्ट किती तासांचा आहे?’ बहुतेकांना तो प्रश्न डॉक्टरचा वाटतच नाही, ट्रॅव्हल एजंटचा वाटतो. ‘आठ-नऊ तास आहे. पण काही नाही हो, तिथं नुसतं बसायचंच तर आहे,’ असं उत्तर येतं.

मला काळजी वाटते ती या ‘नुसतं बसायचं’ची.

दोन वर्षांपूर्वी सांगलीजवळच्या एका गावातल्या निवृत्त शिक्षिका माझ्याकडे आल्या. वय ६८, बीपीची जुनी तक्रार, बाकी प्रकृती ठणठणीत. सगळं गाव त्यांना बाई म्हणतं, मीही बाईच म्हणतो. मुलाकडे न्यू जर्सीला पाच महिने राहून चारच दिवसांपूर्वी परतल्या होत्या. डावी पोटरी सुजली होती, दुखत होती. प्रवासाचा शीण असेल म्हणून घरी दोन दिवस गरम पाण्याचा शेक आणि तेल लावून चोळणं चाललं होतं. उजवा पाय मात्र अगदी नेहमीसारखा होता. थकव्यानं किंवा पाय लोंबकळत ठेवल्यानं आलेली सूज बहुतेक वेळा दोन्ही पायांवर येते. एकाच पायावर आली, की डॉक्टरच्या मनात पाल चुकचुकते. डॉप्लर सोनोग्राफी केली, तर खोलवरच्या नीलेत रक्ताची गुठळी. वेळेवर कळलं, रक्त पातळ करणारी औषधं सुरू झाली, बाई बऱ्या झाल्या. ही गुठळी सुटून फुप्फुसात गेली असती, तर हा लेख वेगळा झाला असता.

औषधं लिहून झाल्यावर मी त्यांच्याकडून प्रवासाचा हिशेब घेतला. मुलाच्या घरापासून विमानतळ दीड तास, तिथं तीन तास, मग साडेबारा तासांचं विमान. आखातातल्या एका विमानतळावर नऊ तासांचा हॉल्ट. तिथून मुंबई साडेतीन तास. इमिग्रेशन आणि सामान दीड तास, तेही व्हीलचेअरमध्ये. मग मुंबईहून गाडीनं घर, आठ तास. बेरीज ३९ तास. एवढ्या वेळात बाई किती चालल्या? विमानात दोनदा आणि हॉल्टमध्ये एकदा स्वच्छतागृहापर्यंत. एक्स्प्रेस-वेवर ड्रायव्हर चहाला थांबला, तेव्हा त्या झोपेत होत्या.

‘नऊ तास एकाच जागी का बसलात?’ मी विचारलं.

‘मुलानं बजावून सांगितलं होतं, आई, तिथून हलू नको. व्हीलचेअरवाला तिथंच न्यायला येईल, तू दिसली नाहीस तर घोळ होईल. आणि बॅग टाकून जायचं कसं? सारखं सांगत होते, बॅग सोडून जाऊ नका. मग पाणीच कमी प्यायलं. बीपीची ती लघवीची गोळी असते ना, तीपण नाही घेतली त्या दिवशी.’

त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याच्या जागी मी असतो, तर मीही तेच बजावलं असतं. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात हॉल्टचं चित्र असं आहे, की खरा प्रवास म्हणजे दोन विमानं आणि मधला वेळ रिकामा, कसातरी काढायचा. तिकिटावर तो दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेसारखा दिसतो. शरीराला मात्र विमान उतरल्याचं कळत नाही. विमानातल्या खुर्चीतून उठून गेटजवळच्या खुर्चीत बसलेल्या पायांच्या दृष्टीनं प्रवास थांबलेलाच नसतो.

पायातलं रक्त वर हृदयाकडे चढवायचं काम एकटं हृदय करत नाही. पोटरीचे स्नायू आवळले की खोलवरच्या नीला दाबल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. नीलांमध्ये झडपा असतात, त्यामुळे ते खाली परतत नाही. पाऊल उचललं, टाकलं, की हा पंप एकदा चालतो. गुडघे मुडपून बसलं की पंप बंद. त्यात खुर्चीची कड मांडीच्या मागच्या बाजूला रुतत असेल, तर वाट आणखी अरुंद होते. साचलेलं रक्त गोठायला मग फार निमित्त लागत नाही.

गंमत म्हणजे (गंमत हा शब्द बरोबर नाही, पण असो) हे वैद्यकाला कळायला विमानाची गरज पडली नाही. १९४०मध्ये लंडनवर जर्मन बॉम्बफेक सुरू असताना लोक रात्र-रात्र निवाऱ्यांत काढत. बसायला समुद्रकिनारी असतात तशा कापडी डेकचेअर. कीथ सिम्पसन नावाच्या न्यायवैद्यक तज्ज्ञाला शवविच्छेदनात एक गोष्ट खटकली. बॉम्बनं नव्हे, तर फुप्फुसात गुठळी अडकून माणसं दगावत होती, आणि त्यांत रात्रभर अशा खुर्चीत बसलेली वयस्कर माणसं होती. खुर्चीची पुढची लाकडी पट्टी मांडीखाली रुतत होती. त्यानं त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये हे लिहिलं आणि निवाऱ्यांत आडवं होता येईल अशा बंकांची गरज मांडली. विमानप्रवासाशी जोडलेलं ‘इकॉनॉमी क्लास सिंड्रोम’ हे नाव त्यानंतर कितीतरी वर्षांनी आलं. नावात विमान आहे, पण खरा दोष खुर्चीचा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनं यावर मोठा अभ्यास करवून घेतला आणि २००७मध्ये त्याचे निष्कर्ष जाहीर केले. चार तासांहून अधिक बसून प्रवास केल्यास गुठळीची शक्यता साधारण दुप्पट होते. विमान असो, रेल्वे असो, बस असो की मोटार. पण दुप्पट या शब्दानं घाबरून जाऊ नये. मुळात ही शक्यता कमी आहे. चार तासांहून लांबच्या विमानप्रवासात ती साधारण ६,०००मध्ये एक एवढी येते. तुम्ही तिशीतले, धडधाकट असाल, तर या लेखातलं बरंचसं विसरलात तरी चालेल. आधी गुठळी झालेली माणसं, नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झालेली, कॅन्सरचे उपचार चालू असलेली, स्थूल, गर्भनिरोधक किंवा हॉर्मोनच्या गोळ्या घेणारी, आणि वय झालेली माणसं यांच्यासाठी हिशेब बदलतो.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला आपल्याकडच्या आयांच्या संदर्भात फार महत्त्वाची वाटते. खूप उंच माणसांना धोका जास्त, हे समजण्यासारखं आहे, त्यांचे पाय मावत नाहीत. पण १६० सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण सव्वापाच फुटांपेक्षा कमी उंचीच्या माणसांतही धोका वाढलेला आढळला. त्यांचे पाय जमिनीला नीट टेकत नाहीत आणि खुर्चीची कड मांडीखाली रुतते, असा त्याचा अर्थ लावला जातो. आपल्या घरातल्या साठीच्या पुढच्या बायकांची उंची डोळ्यांसमोर आणा. बाई पाच फूटही नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे एका प्रवासाचा परिणाम विमानातून उतरल्याबरोबर संपत नाही, जवळपास चार आठवडे थोडाफार राहतो. म्हणून लागोपाठच्या विमानप्रवासांत धोका साठत जातो. मग मधल्या नऊ तासांचं काय करायचं, हा प्रश्न फक्त करमणुकीचा उरत नाही. दोन लांब बैठकांच्या मध्ये शरीराला सावरायला मिळालेली ती एकमेव संधी असते. आणि आपण तीही बसून घालवतो.

तर पहिलं काम चालणं. उतरल्यावर लगेच पुढच्या गेटवर जाऊन जागा धरायची घाई नको. विमान सुटायला आठ तास आहेत, खुर्च्या कुठं पळून जात नाहीत. टर्मिनलचं एक टोक ते दुसरं टोक अशी फेरी मारावी, सरकता पट्टा असेल तर त्याच्या शेजारून. मग बसावं, पण तासाभरानं पुन्हा उठावं. बसल्या बसल्या टाचा वर-खाली करणं, पावलं घोट्यातून फिरवणं यानंही पोटरीचा पंप चालतो. पाय टेकत नसतील तर हातातली छोटी बॅग आडवी करून पायाखाली घ्यावी. ड्युटी फ्रीच्या दुकानांतून काही न घेता नुसतं हिंडणाऱ्यांना लोक हसतात. डॉक्टर म्हणून माझा त्यांना पूर्ण पाठिंबा आहे.

मोठ्या विमानतळांनी आता हिंडायला निमित्तंही ठेवली आहेत. सिंगापूरच्या चांगीला फुलपाखरांची बाग आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्या स्किपोलला ग्रंथालय आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळानं २०१२मध्ये चक्क योगासनांची खोली उघडली. आपल्या माणसांना याची माहिती नसते, कारण तिकीट काढणाऱ्या मुलानं ती दिलेली नसते. सुनेनं किंवा नातवानं त्या विमानतळाचा नकाशा छापून आजी-आजोबांच्या हातात दिला आणि ‘इथं बाग आहे, इथं नळाचं पाणी आहे, इथं आडवं होता येतं’ अशा तीन खुणा केल्या, तर माझ्या एका चिठ्ठीइतका उपयोग होईल.

आडवं होणं हे दुसरं काम. डेकचेअरच्या गोष्टीतला धडा तोच होता. पाय हृदयाच्या पातळीला आले की रक्ताला चढण चढावी लागत नाही. पण गेटजवळच्या खुर्च्यांना मध्ये लोखंडी हात असतात, आडवं होताच येत नाही. एकापेक्षा अधिक माणसांना बसता यावं, हे कारण मला मान्य आहे, तरी पाच-सहा तासांच्या वर प्रवासी जिथं थांबून राहतात, तिथं वयस्करांसाठी काही बाकं तरी सलग हवीत, एवढी मागणी फार नाही. काही ठिकाणी शांत खोल्या, पाय पसरता येतील अशा आरामखुर्च्या असतात. काही विमानतळांच्या आत तासांवर खोली मिळते. ती महाग पडते हे खरं. पण नऊ तासांचं तिकीट घेऊन पंधरा-वीस हजार वाचवले असतील, तर त्यातले काही आईच्या पाठीसाठी खर्च करायला हरकत नसावी.

झोपावं कधी? अमेरिकेला जाताना घड्याळ साडेनऊ-साडेदहा तासांनी किंवा त्याहून जास्त बदलतं आणि शरीरातलं घड्याळ दिवसाला साधारण एक तास या गतीनं सरकतं. मधल्या विमानतळाच्या वेळेशी जुळवून घ्यायचा खटाटोप व्यर्थ आहे. घरी रात्र चालू असेल तर डोळ्यांवर पट्टी घेऊन झोपावं, घरी दिवस असेल तर खिडकीतल्या उजेडात हिंडावं. लाउडस्पीकरच्या भीतीनं डुलकीही न घेणारे बरेच असतात, त्यांनी फोनवर दोन गजर लावावेत. जाग राहावी म्हणून कॉफीवर कॉफी नको. पाच तासांनीही तिचा निम्मा अंश रक्तात असतो आणि पुढच्या विमानातली झोप तीच खाते.

पाण्याबद्दल थोडं सरळ बोलतो. भरपूर पाणी प्यायल्यानं गुठळी टळते, असा भक्कम पुरावा नाही. तरीही मी पाणी प्या म्हणतो. विमानातली हवा फार कोरडी असते, बीपी आणि मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांना पाणी कमी पडून चक्कर येऊ शकते. आणि पाणी प्यायलं की उठून जावं लागतं. बाईंनी चुकवला तो नेमका हा फायदा. बॅगेची अडचण खरी आहे. तिच्यासाठी पाठीवरची हलकी सॅक किंवा चाकांची छोटी बॅग घ्यावी, जी स्वच्छतागृहात सहज नेता येईल. आपल्याकडे मात्र हातातल्या बॅगेत लोणच्याच्या बरण्या असतात!

दाबाचे मोजे हा त्यातल्या त्यात पक्का पुरावा असलेला उपाय. ‘कोक्रेन’ संस्थेच्या आढाव्यात अडीच हजारांहून अधिक प्रवाशांची माहिती एकत्र केली, तेव्हा ५० जणांच्या पायात लक्षणं न दाखवणारी गुठळी सापडली. त्यातल्या फक्त तिघांनी मोजे घातले होते. मात्र मोजे मापाचे हवेत, गुडघ्याखालपर्यंतचे पुरतात, आणि पायाच्या रोहिणीत अडथळा असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नयेत. ‘खबरदारी म्हणून अ‍ॅस्पिरिन घेऊ का?’ असं बरेचजण विचारतात. निव्वळ प्रवासातली गुठळी टाळण्यासाठी ती सुचवली जात नाही. पोटातून रक्तस्राव झाला तर भलतंच ओढवून घ्याल.

हॉल्टमध्ये औषधांचा सगळ्यात मोठा गोंधळ होतो. फोन आपोआप तिथली वेळ दाखवायला लागतो आणि ‘आता रात्रीची गोळी घेऊ की सकाळची?’ हा प्रश्न पडतो. सोपा उपाय म्हणजे मनगटावरचं घड्याळ मुक्कामी पोहोचेपर्यंत निघाल्या ठिकाणच्या वेळेवरच ठेवणं आणि गोळ्या त्याप्रमाणे घेणं. बीपीच्या बहुतेक गोळ्यांना दोन-तीन तासांचं मागं-पुढं चालतं, त्या चुकवणं मात्र चालत नाही. लघवीची गोळी कुठल्या टप्प्यावर घ्यायची, हे निघण्याआधी ठरवून घ्या. इन्सुलिन, फिटची औषधं आणि रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी तर तासावार तक्ता डॉक्टरकडून लिहूनच न्यावा. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, येताना आखूड होतो, त्यामुळे इन्सुलिनचा हिशेब दोन्ही वेळा वेगळा असतो. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच हवं, खाली सामानात ते गोठू शकतं. आणि जेवणाचं ताट समोर आल्याशिवाय जेवणाआधीचं इन्सुलिन टोचू नका.

आता व्हीलचेअर. यावर बोललं की लोक रागावतात, तरी बोलतो. भारतातून अमेरिकेला जाणाऱ्या विमानांच्या दारात व्हीलचेअरची रांग आपण सगळ्यांनी पाहिली आहे. त्यांतल्या पुष्कळांना गुडघ्यांचा, दम लागण्याचा खरा त्रास असतो. त्यांनी ती घेतलीच पाहिजे, आणि ती मिळालीच पाहिजे. फेब्रुवारी २०२४मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईला उतरलेल्या ८० वर्षांच्या एका प्रवाशाला व्हीलचेअर मिळाली नाही, ते पत्नीच्या व्हीलचेअरबरोबर चालत निघाले आणि इमिग्रेशनपाशी कोसळून दगावले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं विमान कंपनीला ३० लाखांचा दंड केला. तेव्हा ‘चाला, चाला’ हा माझा धोशा हृदयविकार असलेल्यांना लावू नये.

पण जे रोज सकाळी गावात दोन किलोमीटर फिरतात, तेही व्हीलचेअर मागतात. का? पायांसाठी नव्हे. त्यांना भीती असते ती इंग्रजीची, बदलणाऱ्या गेटची, अधिकाऱ्याच्या प्रश्नांची. आणि ही भीती खोटी नाही. चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईसुद्धा तिथं गांगरतात. वाट दाखवणारा माणूस हवा असतो आणि व्यवस्था देते खुर्ची. ज्याला खरोखर चालता येत नाही त्याची खुर्ची अडते ती वेगळीच. सोबत चालून गेटपर्यंत पोहोचवणारी ‘मीट अँड असिस्ट’ सेवा विमान कंपन्यांच्या यादीत असते, पण तिकीट काढताना ती व्हीलचेअरइतकी सहज समोर येत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी तिचे वेगळे पैसे पडतात. ज्येष्ठांसाठी ती सहज आणि मोफत मिळाली, तर व्हीलचेअरच्या रांगा कमी होतील आणि पायही चालते राहतील. तोवर मुलांनी एवढं करावं, आईला ‘हलू नको’ सांगण्याऐवजी ‘अमुक वाजता गेटवर ये, तोवर हिंड’ असं सांगावं, ती वेळ कागदावर लिहून द्यावी आणि तिच्या फोनला तिथलं वायफाय कसं जोडायचं, हे घरीच शिकवून ठेवावं.

प्रवासानंतर महिनाभर लक्ष ठेवा. एकाच पायाला सूज, पोटरी दुखणं, तिथली कातडी गरम किंवा लालसर होणं, यांपैकी काही दिसलं तर चोळू नका, शेकू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत दुखलं किंवा खोकल्यातून रक्त पडलं, तर थेट रुग्णालय. आणि डॉक्टरला आपण होऊन सांगा, की लांबचा प्रवास झाला आहे. बाईंनी मला ते पहिल्यांदा सांगितलंच नव्हतं. ‘पाय दुखतोय’ एवढंच म्हणाल्या होत्या.

बाई यंदा नातीच्या मुंजीवजा वाढदिवसाला पुन्हा जाऊन आल्या. एकदा गुठळी झालेली असल्यानं त्यांच्यासाठी मोज्यांबरोबर प्रवासापुरत्या औषधाचाही निर्णय आम्ही घेतला, तो सरसकट कुणी घेऊ नये. तिकीट या वेळी दोहामार्गे होतं, हॉल्ट चार तासांचा. थोडं महाग पडलं, असं मुलगा म्हणाला म्हणे. व्हीलचेअर घेतली नाही. परत आल्यावर त्या दोन्ही पोटऱ्या दाखवायला आल्या. मी टेपनं मोजल्या, सारख्या होत्या.

‘वेळ कसा काढलात?’

‘तिथं मधोमध एक भलंमोठं पिवळं अस्वल बसवलंय, डोक्यात दिवा असलेलं. ते चुकायचं नाही, म्हणून अस्वलापासून गेटपर्यंत आणि परत. सात फेऱ्या झाल्या. आठव्या फेरीला एक गुजराती बाई सोबत आल्या, त्यांनाही मुलानं बसून राहा म्हणून सांगितलं होतं.’